कुंभारणीच्या घराची माती

कुंभारीण माझ्या खिडकीत आली तेव्हा माझं बाळ जाऊन थोडेच दिवस झाले होते. जाऊन म्हणणंही बरोबर नाही, कारण ते आलंच नव्हतं. नववा लागल्यावर पोटातली हालचाल थांबली. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हाच मला समजलं. पुढचं सगळं रीतसर झालं. कळा आल्या, बाळंत झाले, मुलगी होती. मी तिला पाहिलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, नका बघू, मग डोळ्यांपुढून हलत नाही. मी म्हटलं बरं. त्या काळात मला कुणी काहीही सांगितलं तरी मी बरं म्हणत होते.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीत राहायचो, छोट्या स्टेशनच्या अलीकडे. दोन खोल्या, वर गच्ची, मागच्या अंगाला मोरी आणि कढीपत्त्याचं एक झाड. शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. नवरा पैठण रस्त्यावर चितेगावच्या एका कंपनीत पाळ्यांवर जायचा. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन पीएच.डी. करत होते, आणि विषय होता गांधीलमाशीच्या विषातली पेप्टाइडं. सासरच्या शेतकरी माणसांना हे समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत असायची. आमची सून माश्यांचं विष काढती, असं आत्याबाई गावाकडे सांगत, आणि ऐकणारीला सून शिकते आहे की चेटूक करते आहे हे ठरवता येत नसे.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. माझी आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरच्यांनी करायचं ठरलं होतं. डिंक, अळीव, खारीक-खोबरं आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली मऊ दुपटी घेऊन त्या गावाहून आल्या होत्या.

दुपट्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. डिंकाचे लाडू मात्र झाले. बाळ नसलं तरी बाळंतीण आहेच, असं आत्याबाईंचं म्हणणं. त्यांनी मला बाजेवर झोपवलं, बाजेखाली शेगडी सरकवली, ओव्याची आणि शेपाची धुरी दिली, तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पोटाला पट्टा बांधला. डोक्याला रुमाल, कानात कापूस. बाळंतपणात जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं, मधलं तेवढं वगळून. मी बसवलं की बसत होते, उठवलं की उठत होते. दुःख म्हणतात तसं काही मला होत नव्हतं. लोक भेटायला यायचे, पदरानं डोळे पुसायचे, आणि मला वाटायचं, यांचं काहीतरी गेलेलं दिसतंय.

दूध मात्र आलं. घडलेली गोष्ट शरीराला कुणी कळवलीच नव्हती. दूध खाली उतरवणारं जे संप्रेरक असतं, ते म्हणजे नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. पेप्टाइडच. गांधीलमाशीच्या डंखात जे किनिन असतं, ज्यानं जागेची आग होते, त्याचा गाभाही जवळपास तेवढ्याच आम्लांचा. मण्यांची संख्या सारखीच, ओवण्याचा क्रम निराळा. एका माळेनं दूध उतरतं, दुसरीनं धडधाकट माणूस बोंबलत पळतो. गरोदरपणी हे मी नवऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं आणि त्यानंही कौतुकानं ऐकलं होतं. आता शेजारचं तान्हं रडलं की माझं पोलकं भिजायचं, आणि मी ती साखळी क्रमानं आठवत बसायचे, एकेक मणी. आत्याबाईंनी कुठून तरी मोगऱ्याची फुलं मिळवली, छातीवर ठेवली आणि वरून घट्ट फडकं बांधलं. त्यानं दूध आटतं म्हणे.

एकदा असंच फडकं बांधताना त्या म्हणाल्या, “म्या पाह्यलं व्हतं तिला. इच्यारू वाटलं तर इच्यार.”

मी म्हटलं, नको. त्यांनी गाठ मारली आणि तो विषय परत काढला नाही. खरं तर तिला नीट पाहिलेलं असं घरात त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. त्यांनी तिला धुतलं-पुसलं होतं. नवऱ्याच्या हातात आलं ते गुंडाळलेलं, आणि पुरुष ते घेऊन गेले.

अशात कुंभारीण आली. बारीक कमरेची, काळी-पिवळी, एकटी राहणारी माशी. गांधीलमाश्यांसारखं पोळं नाही, गोतावळा नाही. तोंडात चिखलाची गोळी आणायची, भिंतीवर बोराएवढं मडकं करायचं, त्यात एक अंडं घालायचं, अळ्या आणून भरायच्या आणि तोंड लिंपून टाकायचं. मग शेजारी दुसरं मडकं. माझी बाज खिडकीला लागून होती आणि तिनं नेमकी खिडकीची चौकट पसंत केली. भाद्रपद होता, चिखलाला तोटा नव्हता. मी दिवसभर तिची ये-जा बघायचे. आवडायची म्हणून नाही. मान वळवायचा कंटाळा होता म्हणून.

आत्याबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. कुंभारणीनं ज्या घरात घर केलं त्या घरात पाळणा हलतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. तिचं घर कुणी पाडत नाही. पाडलं तर कूस रुसते म्हणतात. आत्याबाईंनी खिडकी लावायची नाही असं फर्मान काढलं. झाडू तिकडे फिरवायचा नाही, जळमटं राहिली तरी राहू देत. भेटायला येणाऱ्या बायका आता माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या आणि चौकटीकडे बघून हसायच्या. एकीनं तर लगेच माझ्या पोटाकडे पाहिलं. एरवी मी तिला दारापर्यंत पोचवून आले असते, पण चिडायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

आत्याबाईंना मात्र मी समजू शकत होते. माझा नवरा त्यांचा एकुलता एक. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. नातवंडाची वाट बघण्यापलीकडे त्यांना या जगाकडून काही येणं राहिलं नव्हतं, आणि आता ती सगळी वाट त्या चौकटीत येऊन बसली होती. तिन्हीसांजेला दिवा लावला की त्या देवाला हात जोडायच्या आणि मग जराशा तिरक्या होऊन तिलाही.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच मी प्रयोगशाळेत जायला लागले. आत्याबाईंनी नवऱ्याला मध्ये घालून पाहिलं. नवरा म्हणाला, जाऊ दे तिला. माझ्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं आणि मला त्याच्याशी. आज कोणती पाळी आणि डब्यात काय, एवढ्यावर आमचा संसार चालला होता. तोही रात्री कूस बदलत राहायचा, ते मला ऐकू यायचं. मी झोपल्याचं सोंग करायचे, आणि मला वाटतं तोही करायचा.

प्रयोगशाळेतलं काम हातांना पाठ होतं. वेरूळच्या रस्त्यावर बंद पडलेल्या ढाब्यांच्या पत्र्याखालून आम्ही गांधीलमाश्या पकडून आणायचो. त्या फ्रीजमध्ये गारठवायच्या, सुन्न झाल्या की सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं नांगी ओढून विषाची पिशवी वेगळी करायची. त्या दिवशी एक माशी पुरती गारठली नव्हती. तिनं माझ्या अंगठ्याच्या मुळाशी डंख मारला.

मी हात दिव्याखाली धरला आणि बघत बसले. मधोमध पांढरा फुगवटा, भोवती लाल कडं. आत काय चाललंय ते मला तोंडपाठ होतं. डंखात मास्टोपॅरान नावाचं पेप्टाइड असतं, चौदा आम्लांचं, स्क्रूच्या आट्यांसारखं वळलेलं. त्याच्या एका अंगाला पाणी मानवतं, दुसऱ्याला तेल, म्हणून ते पेशीच्या आवरणात सहज घुसतं. कातडीखालच्या मास्ट पेशी त्यानं आपला साठा एकदम रिकामा करतात. त्यातून हिस्टमिन सांडतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि सूज चढते. किनिन मज्जातंतूंची टोकं पेटवतं. सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम चाललं होतं. फक्त हे सगळं जिच्यापर्यंत पोचायचं ती जागेवर नव्हती. दुखत होतं, पण शेजारच्या खोलीत कुणाला तरी दुखत असावं तसं. माझे मार्गदर्शक सर मागून येऊन ओरडले तेव्हा मी हात धुतला.

सरांना त्या सुमारास एकट्या राहणाऱ्या माश्यांचं वेड लागलं होतं. गांधीलमाशीचं विष घराच्या राखणीसाठी असतं, त्यामुळे ते दुखलंच पाहिजे. न दुखणाऱ्या विषाला कोण घाबरणार? कुंभारणीसारखीचं विष शिकारीसाठी असतं. त्याला दुखवण्यात रस नसतो, पाडून ठेवण्यात असतो. कोळी पकडणाऱ्या माश्यांच्या विषात तेव्हा एक इवलंसं पेप्टाइड सापडलं होतं. मज्जातंतूतून निरोप जातो तो सोडियमसाठी बारीक दारं उघडून आणि लगेच मिटून. हे पेप्टाइड ती दारं वेळेवर मिटू देत नाही. निरोपांचा गोंधळ उडतो आणि आठ पायांचा कोळी एकही पाय न हलवता पडून राहतो. कुंभारणीच्या अळीचं नेमकं काय होतं, हे मात्र पुरतं उमगलेलं नव्हतं. सरांना तेच शोधायचं होतं आणि त्यासाठी भरलेली घरं हवी होती, आतल्या अळ्यांसकट. मी म्हटलं, माझ्या खिडकीत आहेत.

घरी आले तर आत्याबाईंनी आधी हात धरला. मनगटापर्यंत सूज होती. दुखतंय का, म्हणाल्या. मी म्हटलं नाही. त्यांनी डबीतला चुना काढून अंगठ्याला लावला, मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“एवढा हात सुजलाय आन् नाय म्हंतीस. पोरी, माणूस हाईस का दगूड?”

रागानं नव्हत्या बोलल्या. खरंच विचारत होत्या.

चौकटीतल्या घराची गोष्ट मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढली. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता, आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, सरांना हे घर हवंय, उद्या सकाळी अलगद खरवडून नेते. त्यांचा हात परातीतच थांबला. नाय म्हणाल्या. तुमच्या सरांच्या खिडकीत येत नाय का कुंभारीण? एवढ्या मोठ्या शहरात त्यांना आमचंच घर दिसलं का? मग आवाज उतरवून त्यांनी मला समजावलं. कुंभारीण परक्याची अळी उचलून आणते, मडक्यात ठेवते आणि वरून गुणगुणत राहते. ती गुणगुण ऐकून ऐकून अळी तिच्यासारखीच होते, पंख फुटून बाहेर पडते. गावच्या सप्ताहात त्यांनी हे कीर्तनात किती वेळा ऐकलेलं होतं. परक्या पोटचंसुद्धा ती आपलं करते, एवढी तिची माया. अशी माय ज्या घरी येते ते घर रिकामं राहत नाही. तिला खरवडून बाटलीत भरायचं म्हणजे काय?

मी सांगितलं की तसं नसतं. चिडून नाही सांगितलं. वर्गात शिकवावं तसं सांगितलं.

“अळीची कुंभारीण होत नाही, आत्याबाई. कुंभारीण तिला डंख मारते. मारून टाकत नाही, कारण मेली तर ती सडेल. ती जिवंत राहते, फक्त हलता येत नाही. मग अंड्यातून पिल्लू निघतं आणि तिला थोडं थोडं खातं. बाहेर पडतं ते पिल्लू.”

तव्यावरच्या भाकरीला वास सुटला. आत्याबाईंनी ती उलटली नाही.

“म्हंजी ती जित्तीच असती आत?”

“हो.”

“आन् समदं कळतं तिला?”

“ते कुणालाच माहीत नाही. कळत असलं तरी सांगणार कशी? हलताच येत नाही.”

मला वाटलं त्या खिडकीकडे बघतील. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि तळवा माझ्या कपाळावर ठेवला. गार लागला. तेव्हा मला कळलं की माझं अंग तापलेलं आहे.

“कवापास्नं?” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि छातीवरचं फडकं सोडलं. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती, लालबुंद, वरची कातडी ताणून तकतकीत झालेली. मी ती आंघोळ करताना पाहिली होती. सूज, लाली, उष्णता. लक्षणं बरोबर जुळत होती, म्हणून मी पुढचा तांब्या अंगावर घेतला होता. आत्याबाईंनी बोट नुसतं टेकवलं आणि त्यांच्याच तोंडातून सुस्कारा निघाला.

दवाखाना आता सकाळीच उघडणार होता. त्यांनी पाणी तापवलं, शेक दिला, पण गाठ हलेना. त्यांच्या गावाकडे अशा सुजेवर एकच उपाय ठाऊक होता, कुंभारणीच्या घराची माती उगाळून लावायची. गालफुगी झालेल्या पोरांना तिथे लावतात तीच. आत्याबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्या काय करणार ते माझ्या लक्षात आलं.

मी म्हटलं, नको, राहू द्या, सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. थोड्या वेळापूर्वी तेच घर मी बाटलीत भरायला मागत होते. पण ते मी मागणं वेगळं आणि त्यांनी पाडणं वेगळं. माझा त्या समजुतीवर विश्वास नव्हता, त्यांचा होता. जे पडणार होतं ते त्यांचं होतं.

त्या स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आल्या. हात चौकटीपर्यंत गेला आणि परत खाली आला. त्यांच्या पाठीवरूनच मला दिसलं की त्या काहीतरी पुटपुटताहेत, क्षमा मागत असाव्यात. मग माझ्याकडे न वळताच बोलल्या.

“परत आली तर आली. नाय आली तर नाय आली. तू हाईस ना.”

आणि उलथणं घातलं. वाळकी माती एका फटक्यात सुटली. कडेची, नुकतीच लिंपलेली मडकी त्यांच्या तळहातावर फुटली आणि आतल्या अळ्या बाहेर आल्या, हिरव्या, मऊ, आत्ताच पानावरून उचलाव्यात इतक्या ताज्या. आत्याबाईंनी एकीला बोटाच्या टोकानं स्पर्श केला. तिचं शेपूट किंचित हललं आणि थांबलं. त्या सगळ्या अळ्या त्यांनी वाटीत घेतल्या आणि मागच्या कढीपत्त्याच्या पानांवर एकेक करून ठेवून आल्या. त्या तिथे जगणार नव्हत्या. ते मला माहीत होतं, पण या वेळी मी सांगितलं नाही.

सहाणेवर थेंब थेंब पाणी घालून त्यांनी माती उगाळली आणि गाठीवर लेप दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो लेप पाहून आत्याबाईंना चांगलं फैलावर घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, दूध पिळून काढायला शिकवलं, आणि माझा ताप त्या गोळ्यांनीच उतरला. मातीत काही औषध होतं असं म्हणायला माझ्याकडे तेव्हाही आधार नव्हता, आजही नाही. सरांना मी घर पडलं एवढंच सांगितलं. पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं.

त्या संध्याकाळी लेप वाळत आला तशी खालची कातडी ओढली जाऊ लागली. गाठीत ठणका सुरू झाला. आधी तो नेहमीसारखा शेजारच्या खोलीतच होता. मग तो इकडे आला. छातीत, काखेत, खांद्यात, चुना लावलेल्या अंगठ्यात, पोटाच्या पट्ट्याखाली, सगळीकडे एकदम. इतके दिवस कुठे थांबला होता कोण जाणे. मी बाजेची कड घट्ट धरली.

“दुखतंय का गं?” आत्याबाईंनी विचारलं.

“दुखतंय,” मी म्हटलं.

“लई?”

“लई.”

माहेरी हा शब्द बोलला तर आई रागवायची, आणि लग्नानंतरही तो कधी माझ्या तोंडात बसला नव्हता. त्या दिवशी दुसरा सापडला नाही. मग मी रडले, आवाज करून, शेजारी ऐकू जाईल असं. आत्याबाईंनी मला गप्प केलं नाही. रडणं ओसरायच्या आतच मी विचारलं, कारण थांबले असते तर परत विचारता आलं नसतं.

“कशी होती ती?”

हाताला लागलेली माती आत्याबाईंनी पदराला पुसली आणि माझ्या शेजारी बाजेवर बसल्या.

“केस लई व्हते,” त्या म्हणाल्या. “काळेभोर. म्या पाण्यानं भिजवून भांग पाडला व्हता तिचा.”